गच्चीवरचा बिंदू

रन १

हिमानी सेलूकरच्या ऑफिसात एक माणूस होता, जो ऑफिसात कधी आलाच नव्हता. तो कारखान्याच्या कुंपणाबाहेर उभा असे. हवा जिथं सगळ्यात वाईट, नेमका तिथंच. सत्तर वर्षं, रात्रंदिवस. तो जेवायला जात नसे, लग्नाकार्याला जात नसे, पाहुणे आले म्हणून त्यांना वेरूळ दाखवायलाही जात नसे. त्याचं नाक जमिनीपासून दीड मीटरवर असे आणि ते तो एकदाही बाजूला वळवत नसे.

असा माणूस कुठं नसतो, म्हणून तर त्याला धरायचा. त्याला फारसं काही होत नाही असं निघालं, तर चालत्याफिरत्या लोकांना काय होणार, असा त्यामागचा हिशेब. नियमावलीत त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. उस्मानपुऱ्यातल्या त्या ऑफिसात सगळे त्याला उभेकाका म्हणत.

"काकांचं किती आलं?" मंदार सरांनी आपल्या केबिनमधूनच विचारलं.

"सात पूर्णांक सहा."

"छान."

म्हणजे असे दहा लाख काका उभे केले, तर या हवेमुळे त्यांतल्या सात पूर्णांक सहा जणांना कॅन्सर होईल. ऑफिसची मोजपट्टी दहाची होती. दहाच्या आत आलं की छान. सहा दशांश काका आजारी कसा पडतो, हे विचारायची पद्धत नव्हती.

काम चिकलठाण्याच्या एका रंगाच्या कारखान्याचं होतं. त्यांना विस्तार करायचा होता. विस्ताराला परवानगी लागते, परवानगीला अहवाल लागतो, आणि अहवालाला हिमानी लागते. शेजारच्या विमानतळावरून तिनं पाच वर्षांचा वारा मागवला होता. प्रत्येक तासाला वारा कुठून आला, किती जोरात आला, हे सगळं त्यात होतं. चिमणी किती उंच, तिच्यातून बेंझिन किती निघतं, फॉर्मल्डिहाइड किती, हे कारखान्यानं कळवलं होतं. हे सगळं तिनं धूर कुठं पसरतो याचा हिशेब करणाऱ्या मॉडेलमध्ये भरलं, जिथली हवा काढायची असे शेकडो बिंदू नकाशावर मांडले आणि रन लावून, म्हणजे कॉम्प्युटरला कामाला लावून, ती घरी गेली. सकाळी आकडा तयार होता. आता त्या आकड्याखाली मॉडेलर म्हणून तिची सही व्हायची होती. सही झाली की तो आकडा खरा.


वाक्य

अहवालात आजूबाजूच्या वस्तीचं वर्णन करावं लागतं. ते हिमानीनं उपग्रहाच्या चित्रावरून लिहिलं होतं:

"कारखान्याच्या पूर्वेस सुजाता कॉलनी ही दाट वस्ती असून तेथील घरांच्या छतांवर सौर पॅनेल मोठ्या प्रमाणात आढळतात."

मंदार सरांना हे वाक्य आवडलं. कारखान्याच्या पर्यावरण विभागाचे अमेय साहेब तर खूशच झाले. पुरोगामी शेजार, म्हणाले. मुखपृष्ठावर टाकू. त्यांना फोटो हवा होता.

"जाऊन ये," मंदार सर म्हणाले. "एखाद्या गच्चीवर चढ, पॅनेल दिसतील असा काढ. चिमणी मात्र नको त्यात."


वाक्य, पहिली दुरुस्ती

होळी होऊन आठवडा झाला होता. दुपारी चारचं ऊन. सुजाता कॉलनीत दुमजली घरं भिंतीला भिंत लावून उभी होती. हिमानीनं मधल्या घराचं दार वाजवलं. रत्नमाला नावाच्या बाईंनी उघडलं. त्या महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या, नुकत्याच घरी आलेल्या. पर्स अजून खांद्यालाच होती.

"तुमच्या सोलर पॅनेलचा फोटो हवा होता," हिमानी म्हणाली.

"कुणाच्या?"

"तुमच्या. या ओळीत सगळ्यांच्याच आहेत ना?"

रत्नमालानं तिच्याकडं नीट पाहिलं. मग पर्स खुंटीला अडकवली. "चला, तुम्हीच दाखवा आम्हाला."

दोघी जिना चढून वर गेल्या. गच्चीवर कठड्याला टेकवून चार बाजा उभ्या केल्या होत्या. उन्हानं नवार सडू नये म्हणून त्यांच्यावर निळी ताडपत्री टाकली होती. शेजारच्या गच्चीवर तशाच पाच, त्यापलीकडं तीन. सगळ्या उत्तरेच्या कठड्याला, दक्षिणेकडं तोंड करून, एकाच कलानं. वरून पाहिलं तर पुरोगामी शेजार.

पाचवी बाज आडवी होती, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. तिच्यावर एक म्हातारे गृहस्थ उताणे झोपले होते. रत्नमालाचे सासरे, कडुबा. पायाशी त्यांची बायको लीलाबाई मिरच्या निवडत बसली होती.

"मामा, या मॅडम आपलं सोलर बघायला आल्या," रत्नमाला सासऱ्यांना म्हणाली.

कडुबांनी डोळे न उघडताच बाजेवर हात आपटला. "हे बघा. रातभर चालतं. बिल येत नाय."

"आडनाव काय म्हनायचं?" लीलाबाईंनी विचारलं.

"सेलूकर."

"सेलूच्या का? माझी नणंद दिलीय सेलूला. लई गरम हाय तुमचं गाव."

"हो," हिमानी म्हणाली.

सेलू गरमच होतं. दहावी होईपर्यंत दर उन्हाळ्यात ती तिथं गच्चीवरच झोपत आली होती. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं काम तिचं असे. कोणत्या चुलत भावाला कडेला झोपू द्यायचं नाही, हे आजही तिला पाठ होतं. आणि नोकरीला लागल्यापासून नकाशावर बिंदू मांडताना एकदाही, एकही बिंदू तिनं गच्चीवर ठेवला नव्हता. बिंदूंचा नमुना मॉडेलसोबत आला होता. मॉडेल ज्या देशातून आलं, तिथली माणसं रात्री खिडक्या लावून खाली झोपतात. नमुना तसाच एका अहवालातून दुसऱ्या अहवालात चालत आला. मंदार सर जालन्याचे, त्यांच्या आधीचे साहेब परभणीचे. गच्चीवर न झोपलेला माणूस त्या ऑफिसात शोधून सापडला नसता.

"कधीपासून झोपता इथं?" तिनं विचारलं.

"होळी झाली की वर," कडुबा म्हणाले. "मिरुग लागला की खाली. सगळी गल्लीच तशी."

"रात्री वास येतो का?"

"रंगाचा? व्हय, येतो की. वारं पडलं का येतो. दिवसा नाय एवढा."

"फुकटात दिवाळी," लीलाबाई मिरचीचं देठ मोडत म्हणाल्या. "घराला ब्रश लावला नाय दहा वर्सांत, पन वास ताजा."

"कारखाना रात्रीच जास्त चालतो," रत्नमालानं सांगितलं. "रात्री वीज स्वस्त पडते म्हणे. माझी मेघा आत्यांच्या कुशीत झोपते. सकाळी उठली की डोळे चोळत असते."

मेघा तिची आठ वर्षांची मुलगी. तेव्हा शाळेतून यायची होती. आत्या म्हणजे सासूबाई.

हिमानीनं पुढं होऊन पाहिलं. कारखान्याचं छप्पर गच्चीच्या जवळपास बरोबरीनं होतं आणि चिमणी छपराहून जेमतेम वर. तिनं फोटो काढला. त्यात चिमणी आली.


मॉडेलला काय माहीत नसतं

त्याला वारा माहीत असतो. ऊन माहीत असतं. भिंतीमागं हवा कशी घोटाळते, तेही माहीत असतं. रात्री जमीन थंड झाली की हवा हालचाल बंद करते आणि चिमणीतून निघालेला धूर वर न जाता पट्ट्यासारखा आडवा सरकतो, हे तर त्याला फारच छान माहीत असतं. त्या पट्ट्यात कुणी उशी टाकली आहे का, हे त्याला सांगावं लागतं.


रन २

हिमानीनं काकांना गच्चीवर चढवलं. होळी ते मृग, रोज रात्री. बाकीचा काळ खाली, पहिल्यासारखा. कॉम्प्युटर लावून घरी गेली.

सकाळी आकडा होता एकोणीस.

तिनं भरलेली सगळी माहिती पुन्हा तपासली. गच्चीची उंची बरोबर होती. वारा तोच होता. पुन्हा चालवलं.

एकोणीस.


रन ३

"गच्ची मॉडेलमध्ये नसते," मंदार सर म्हणाले.

"आता आहे."

"नियमावलीत जमिनीपासून दीड मीटर लिहिलंय."

"त्यांची जमीन दुसऱ्या मजल्यावर आहे सर. तीन महिने."

मंदार सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला. "चिमणी वाढव," ते म्हणाले. "उंच चिमणी, लांबचा धूर. सगळे खूश."

हिमानीनं चिमणी वाढवली. रन निम्म्यावर असताना अमेय साहेबांचा फोन आला. शेजारी विमानतळ होता. विमानं जिथून उतरतात त्या वाटेवर एवढी उंच चिमणी बांधता येणार नव्हती. धूर गाळायचं यंत्र बसवायचं का, असं हिमानीनं विचारलं. अमेय साहेब म्हणाले, तुम्ही सल्लागार आहात की यंत्रवाले?

रन मध्येच थांबवला.


रन ४

"मग माणसं खाली आण," मंदार सर म्हणाले.

"कुठली?"

"गच्चीवरची. उपाययोजना म्हणून लिही." आणि त्यांनी स्वतःच टाइप करून दिलं:

"उन्हाळ्यात रहिवाशांनी घरातच झोपावे, यासाठी प्रकल्पामार्फत जनजागृती करण्यात येईल."

वाक्य नीटनेटकं होतं. पण उपाययोजना मॉडेलमध्ये भरायची, तर ती किती लोक पाळतील, हा आकडा लागतो.

"शंभर टक्के धर," मंदार सर म्हणाले.

हिमानी जागेवर आली आणि तिनं रत्नमालाला फोन लावला. असं असं आहे, तुम्ही खाली झोपाल का?

"मामा," रत्नमालाचा आवाज फोनपासून लांब गेला, "कंपनी म्हणती, खाली झोपा."

मागून कडुबा ऐकू आले. "खाली कुटं? खाली तव्यावानी तापतंय. लाईट गेली का पंखा बी मेला. त्यांना म्हनाव, कारखाना झोपवा खाली."

"शेजारच्यांनाही विचारू का?" रत्नमाला परत फोनवर आली.

"विचारा."

संध्याकाळी तिचा निरोप आला. सगळ्या गल्लीचं उत्तर एकच होतं, शब्द निराळे होते आणि त्यांतले काही लिहिण्यासारखे नव्हते.

हिमानीनं रकान्यात शून्य टक्के भरलं. मॉडेलनं कुरकुर केली नाही. आकडा एकोणीस आला.

"मग हा रन करून फायदा काय झाला?" मंदार सरांनी विचारलं.

"काहीच नाही. तेच लिहिलंय."

मंदार सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हिमानी, आम्हीपण जालन्यात गच्चीवरच झोपायचो. शेजारी तेलाची गिरणी होती. झालं का मला काही?"

"तुम्ही दहा लाख नव्हतात सर."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "सात पूर्णांक सहावर सही करतेस की नाही?"

"नाही."

"आणि मी केली तर?"

"करा. मॉडेलर म्हणून तुमचं नाव घाला."

मंदार सरांना मॉडेल चालवता येत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. पण ते समजूतदार होते. त्यांनी मधला मार्ग काढला. सात पूर्णांक सहा पहिल्या पानावर, सहीशिवाय, सारांश म्हणून. एकोणीस शेवटच्या परिशिष्टात, हिमानीच्या सहीसकट. परिशिष्ट कुणी वाचत नाही, असा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव होता.


सुनावणी

जनसुनावणीला मंडप घातला होता. पंखे मोठे होते आणि माइकपेक्षा जास्त बोलत होते. अमेय साहेबांनी पडद्यावर झाडं दाखवली. मंदार सरांनी सात पूर्णांक सहा दाखवले आणि अध्यक्षस्थानी बसलेले अधिकारी मान हलवू लागले.

रत्नमाला तिसऱ्या रांगेत होती. हिमानीनं तिला काही सांगितलं नव्हतं. खाली झोपाल का, एवढंच विचारलं होतं. पण एखादा माणूस असा प्रश्न उगाच विचारत नाही, एवढं ओळखायला परिशिष्ट वाचावं लागत नाही.

"हा आकडा खाली झोपणाऱ्यांचा आहे," ती उभी राहून म्हणाली. "वर झोपणाऱ्यांचा किती?"

"तांत्रिक बाब आहे," मंदार सर म्हणाले. "आमच्या मॅडम समजावून सांगतील."

समजावून सांगायला सांगितलं की हिमानी पंधरा मिनिटं वाऱ्यावर बोलते आणि लोक घड्याळं बघू लागतात, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तिच्या हातात माइक दिला.

"एकोणीस," हिमानी म्हणाली. आणि माइक परत दिला.

"आणि किती असायला पाहिजे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"दहा. किंवा कमी."

पंखे फिरत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, बरं झालं, आम्हाला वाटलं एकोणीस टक्के जीएसटी. थोडं हसू झालं. अधिकाऱ्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

पंधरवड्यानं प्रस्ताव फेरविचारासाठी परत आला. विस्तार स्थगित. सुजाता कॉलनीत पेढे वाटले. रत्नमालानं हिमानीला पेढ्यांच्या डब्याचा फोटो पाठवला, खाली हात जोडलेले.

मंदार सर रागावले नाहीत. अमेय साहेबांनी मात्र दुसरा सल्लागार शोधायला घेतला होता. "तुला आता पाण्याचे अहवाल देतो," मंदार सर म्हणाले. "पाण्यात कुणी झोपत नाही."


रन ५

हा रन कुणी मागितला नव्हता. फाइल बंद करण्याआधी हिमानी सगळं आवरत होती. वाढीव प्लांटचे आकडे तिनं एकेक करून काढून टाकले. आता कारखाना आज आहे तसा उरला. जुनी यंत्रं, जुनी चिमणी. विस्तार नाही, काही नाही. जे थांबवलं ते वजा, तर उरलं किती, एवढंच तिला बघायचं होतं.

उरले अकरा.

तिनं पुन्हा चालवलं. अकरा.

या आकड्याचा अहवाल नव्हता, म्हणून त्याला परिशिष्टही नव्हतं. ती तो घेऊन मंदार सरांकडं गेली. त्यांनी पाहिला. "आपल्याला कोणी विचारलंय का?" म्हणाले. मग म्हणाले, "एक प्रत प्रदूषण मंडळाकडं पाठव. ऑफिसच्या लेटरहेडवर नको." तिनं साध्या कागदावर लिहून पाठवली. पत्र मिळालं, असं उत्तर आलं. पुढं काही आलं नाही. उन्हाळा मात्र चालू होता.

रविवारी सकाळी ती चिकलठाण्याला गेली.

दार लीलाबाईंनी उघडलं आणि आधी पेढा दिला. पेढा जरा कोरडा झाला होता. वर गच्चीवर बाजा तशाच कठड्याला टेकलेल्या. टाकीच्या सावलीत कडुबा. मेघा आपल्या मावशीकडं गेली होती. रत्नमाला कपडे वाळत घालत होती.

"आमच्या मॅडम आल्या," कडुबा म्हणाले. "बसा. नवं काय मोजलं?"

हिमानीनं सांगितलं. विस्तार नाही, तरी अकरा.

रत्नमालाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "म्हणजे हे आधीपासूनच?"

"हो."

"आणि आम्ही पेढे वाटले."

"हो."

कडुबांनी कूस बदलली. "दहा का अकरा, एकानं काय व्हतं? बाजारात तेवढं मोजमापात सोडतेत."

"खूप काही होत नाही," हिमानी म्हणाली. खरं तेच होतं. "दहा लाखांत एक जास्त. तुम्हाला कदाचित काहीच होणार नाही."

"ऐकलं का," कडुबा बायकोला म्हणाले.

लीलाबाईंनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून बाजूला ठेवलं. "पोरीचं काय?" त्यांनी हिमानीला विचारलं. "माझ्या शेजारी निजती ती."

हिमानीला हे उत्तर माहीत होतं. नियमावलीत त्यासाठी स्वतंत्र गुणक होता. "लहान मुलांचं जास्त धरतात," ती म्हणाली. "त्यांना पुढं जगायचं जास्त असतं."

लीलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्यांनी कठड्याला टेकवलेली स्वतःची बाज पाहिली, तिच्यावरची ताडपत्री ओढली आणि घडी करून खाली ठेवली.

"धर गं," त्या सुनेला म्हणाल्या.

"आत्या, खाली मधल्या खोलीत जागा कुठं आहे?"

"कपाट सरकव."

"अन् गरम व्हतंय ते?" कडुबांनी विचारलं.

"व्हऊ दे. तुम्ही नका येऊ. तुम्हाला कुनी बोलवलं नाय."

रत्नमालानं एक बाजू धरली. दुसऱ्या बाजूला लीलाबाई वाकू लागल्या, तेव्हा हिमानीनं त्यांना बाजूला केलं आणि खालचं टोक घेतलं. रत्नमाला वर, हिमानी खाली. जिना अरुंद होता आणि मध्ये वळत होता. वळणावर बाज अडकली.

"उभी करा," रत्नमाला म्हणाली.

"वर छत लागतंय."

"मग तिरकी."

"तुमच्याकडचा पाय आधी घ्या. नाही, तो नाही. डावा."

"माझा डावा का तुमचा?"

वरून कडुबांनी, जागेवरून न उठता, सांगितलं, "ती वर आनली तवा पाय काढून आनली व्हती." पाय काढायला हातोडी लागली असती, आणि हातोडी शेजारच्यांकडं होती. दोघींनी जोर लावला. भिंतीचा पोपडा निघाला, बाज सुटली आणि हिमानी दोन पायऱ्या मागं गेली. पडली नाही.

मधल्या खोलीत कपाट सरकवलं. बाज कशीबशी बसली; आता दार पूर्ण उघडत नव्हतं. खिडकी होती, ती शेजारच्या भिंतीकडं. पंखा लावला तर गरम हवा नुसती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. लीलाबाई बाजेवर बसल्या. एवढ्यातच त्यांच्या मानेला घाम आला होता.

"किती दिवस झोपायचं इथं?" त्यांनी विचारलं.

हिमानीनं ओढणीनं हात पुसले. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

लीलाबाईंनी मान हलवली. हे उत्तर त्यांना पटल्यासारखं दिसलं.

"बरं. मग उशी बी आन," त्या सुनेला म्हणाल्या. "अन् पोरीची गोधडी."

रत्नमाला वर गेली. वर ती सासऱ्यांशी काहीतरी बोलत होती, ते खाली नीट ऐकू येत नव्हतं. कडुबांचं 'नाय' तेवढं दोनदा ऐकू आलं. मग ती उशी आणि गोधडी घेऊन एकटीच खाली आली.